घण मारणारीला विचारा

शहाड स्टेशनवरून पुलाकडे जाताना टायरवाल्यांची रांग लागते. त्या रांगेच्या टोकाला आमचं लोहारकामाचं दुकान. कोयते, कुऱ्हाडी, विळे, गवंड्यांच्या छिन्न्या. पाटीवर सासऱ्यांचं नाव आहे, दौलत साळुंखे. पण तीस-एक वर्षं त्या दुकानात घण मारला तो माझ्या सासूबाईंनी, रखमाबाईंनी. आमच्या समाजात याचं कुणाला नवल नाही. पूर्वी आमची माणसं बैलगाडीत भाता आणि ऐरण टाकून गावोगाव फिरायची तेव्हाही घण बायकांच्याच हातात असायचा. माझ्या माहेरी हे कधीच सुटलं होतं. वडील रिक्षा चालवायचे, मी कल्याणला चष्म्याच्या दुकानात नोकरीला. त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा ते काम मी पहिल्यांदा जवळून बघितलं. पप्पा, म्हणजे सासरे, ऐरणीमागे बसून सांडशीत लालभडक लोखंड धरायचे, दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीने टक् करून जागा दाखवायचे, की तिथेच आईंचा घण पडायचा. टक्, धाड. टक्, धाड. मध्ये एक शब्द नाही.

मागच्या दिवाळीनंतर आईंचा उजवा खांदा गेला. केस विंचरायला हात वर जाईना. कल्याणच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, आतला स्नायू फाटलाय, आता जड काही उचलायचं नाही.

"मग लोखंड काय फुंकर मारून वाकवू?" आई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. आई हसल्या नाहीत. त्या खरंच विचारत होत्या.

माझा नवरा संदेश ठाण्याला लिफ्टच्या मेंटेनन्सचं काम करतो. त्याच्या ओळखीतून अंबरनाथच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधला पॉवर हॅमर मिळाला. माणसाहून उंच, वर ट्रकच्या पाट्यासारखी स्प्रिंग, मागे मोटर, खाली पायाने दाबायची पट्टी. पट्टी दाबली की वरचा भला मोठा ठोकळा धडाधड खाली आपटतो. जुना होता, पण मोटर चांगली होती. क्रेनने आणला, काँक्रीटच्या पायावर बसवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पप्पांनी पहिला कोयता तापवून त्याखाली धरला आणि बाहेर काढला तेव्हा तो मधे फुगलेला आणि कडेला खाल्लेला होता.

कारण मशीन धड असलं तरी त्याचं तोंड गेलेलं होतं. लोखंडावर प्रत्यक्ष जो पोलादी ठोकळा आपटतो, एक वर आणि एक खाली, त्याला डाय म्हणतात. खाचेत सरकवायची आणि पाचर ठोकून आवळायची. आमच्या मशीनबरोबर आलेली डाय मधे बशीसारखी खोल झाली होती आणि तिचा एक कोपराच उडाला होता. नवीन जोडी घ्यायला हवी होती. एवढीच गोष्ट. आणि तिथून पुढे आमच्या घरात जे सुरू झालं त्याने मला वेड लागायची वेळ आली.

कारण डाय एका तऱ्हेची नसते. सपाट तोंडाची असते, ती लोखंड सारखं करते. पाठीला गोल उंचवटा असलेली असते, तिने लोखंड भराभर लांब होतं. दोन्ही अर्धी अर्धी असलेलीही असते. पप्पा रोज सकाळी एक ठरवायचे आणि जेवताना दुसरं. सपाटच बरी. छे, गोल हवी. पण मग छिन्नीचं काय करायचं? माझा धाकटा दीर बंटी, तो डोंबिवलीला कुरियर कंपनीत आहे, त्याने फोनवर परदेशातल्या लोहारांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि ताटावर बसल्या बसल्या पप्पांच्या नाकासमोर फोन धरायला लागला.

"पप्पा, हे बघा ना. आधा फ्लॅट, आधा गोल. एकदम भारी. दोन्ही कामं एकात."

"पण याचा कोयता कुठाय? हा तर दाराची कडी बनवतोय."

"अरे पप्पा, टेक्निक बघा, टेक्निक!"

आई एका हाताने भाकरी थापत होत्या. दुसरा हात मांडीवर. "डाय निवडताय की जावई?" त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

शेवटी पप्पांनी बाजारातला सरळ रस्ता धरला. कल्याणच्या मार्केटमध्ये हितेश नावाचा एक व्यापारी आहे, त्याच्याकडे गेले. हितेशने कोयता बघितला नाही, मशीन बघितलं नाही, "काका, हीच सगळे घेतात" म्हणाला आणि तयार जोडी गोणीत घालून दिली. ती आमच्या खाचेत सैल बसली. फोन केला तर म्हणतो, "पत्र्याचा तुकडा घाला ना मधे. सगळे घालतात."

पप्पांनी पत्रा घातला. पाचर ठोकली. सुरुवातीला बरं चाललं. मी त्या दिवशी सुट्टीवर होते, चहा घेऊन दुकानात गेलेले. पट्टीवर आईंचा पाय होता, लोखंड पप्पांनी धरलेलं. एकदम आवाज बदलला. पुढच्याच ठोक्याला वरची डाय खाचेतून निसटली, खालच्या डायवर आपटून तिरकी उडाली आणि पप्पांच्या गुडघ्याशेजारून जाऊन पाण्याच्या पिंपात घुसली. पिंप फाटलं. सगळ्या दुकानात पाणी. आईंनी पाय उचलला, मोटर बंद केली आणि पप्पांकडे न बघता पाणी कुठवर गेलंय ते बघत उभ्या राहिल्या. मी चहा तसाच हातात धरून उभी.

"लागलं का?" त्यांनी पाण्याकडे बघतच विचारलं.

"नाही गं. वाचलो."

"मग फडकं घ्या आणि पुसा."

हितेशला परत फोन केला तेव्हा तो म्हणाला, तुमचं मशीनच वाकडं असेल.

आता बंटीची पाळी. खाचेचं माप मात्र त्याने नीट घेतलं, ते मी नाकारत नाही. कुठूनशी ऑनलाइन अर्धी-अर्धी डाय मागवली. खोक्यातून काढली तेव्हा आरशासारखी चकाकत होती. खाचेत अशी बसली की पाचर ठोकताना पप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण आमचा कोयता हातभर लांब. डायचा सपाट भाग चार बोटं, गोल भाग चार बोटं, आणि ठोका नेहमी एका बाजूलाच पडणार. वरचा ठोकळा तिरका व्हायला लागला, बाजूच्या पट्ट्या खडखडायला लागल्या, आणि कोयत्याचं पातं पन्हाळी पत्र्यासारखं निघालं. पप्पा ते पातं उजेडात धरून म्हणतात, "सवय झाली की जमेल."

"कुणाला सवय?" आई म्हणाल्या. "कोयत्याला?"

या सगळ्यात भट्टी जवळजवळ बंद होती. मुरबाड रोडच्या बाजूचे शेतकरी येऊन परत जात होते. पप्पांचा स्वभाव मुळात शांत, पण ते आता कुणी डाय म्हटलं तरी उठून बाहेर जायचे. संदेश कामावरून आला की त्याला दोन्ही बाजूंनी ऐकावं लागायचं, मग तो माझ्यावर चिडायचा. मी चिडायचे बंटीवर. बंटी म्हणायचा, "वहिनी, मी तर फक्त आयडिया दिली."

आणि एका दुपारी कामावरून लवकर सुटून दुकानाशी आले, तर आतून ओळखीचा आवाज. टक्, धाड. टक्, धाड. पण धाड कमजोर आणि उशिरा. आत गेले तर आई डाव्या हाताने घण मारत होत्या. उजवा नुसता दांड्याला टेकवलेला. चेहरा घामाने निथळत होता. पप्पा मान खाली घालून लोखंड धरून बसलेले.

मी ओरडलेच. "आई, हे काय चाललंय? दुसरा खांदा पण घालवायचाय का? आणि पप्पा, तुम्ही कसं करू देता?"

"मी नको म्हणालो," पप्पा म्हणाले. "ऐकते का ती कुणाचं?"

आईंनी घण खाली टाकला. इतक्या जोरात की लादीचा टवका उडाला.

"मी कुणाचं ऐकू? हितेशचं ऐकलं. बंटीच्या फोनचं ऐकलं. त्या मशीनसमोर तुम्ही सगळे उभे राहून बोलता, हा असं म्हणतो, तो तसं म्हणतो. एवढी वर्षं मारणारी कोण होती? घणाचं कुठलं अंग कधी लावायचं, किती तिरका, किती हलका, हे माझ्या हाताला ठाऊक. मला विचारलं कुणी, रखमा, तुझ्या घणाच्या जागी आता काय बसवायचं? एकदा तरी?"

पप्पांनी हातातलं लोखंड भट्टीत परत खुपसलं. ते आता तापवून उपयोग नव्हता, तरी खुपसलं. मग म्हणाले, "बरं. सांग."

"तुम्हाला नाही सांगत. बनवणाऱ्याला सांगते."

बनवणारा संदेशने शोधला. कळव्याला गॅब्रिएल म्हणून एक म्हातारे गृहस्थ आहेत, गावठाणात घराला लागूनच त्यांचं छोटं मशीन शॉप. पोलादाचे ठोकळे कापून तासून देतात. रविवारी मी आणि आई गेलो. नमुन्याला म्हणून बंटीची डाय घेतली, कारण खाचेत बसणारी धड अशी तीच एक. अर्धवट झालेला कोयता घेतला. आणि आई म्हणाल्या, घण पण घे.

"आई, घण कशाला?"

"त्याला तोंड दाखवायचंय."

तर मी लोखंडाने भरलेली साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन कल्याणला गाडी बदलली. पिशवीचा एक बंद कळव्याच्या जिन्यातच तुटला. उरलेला रस्ता ती मुलासारखी कडेवर घेऊन चालले. आई पुढे, रिकाम्या हाताने, रस्ता मला विचारत.

गॅब्रिएलकाका सत्तरीच्या पुढचे, नाकावर जाड चष्मा. "बसा वो बाय," म्हणाले. मग त्यांच्या बायकोला, ॲनीकाकूंना, हाक मारली. मग काळा चहा आला. मग त्यांचे वडील मिठागरावर होते ते सांगितलं. मग कळव्यात पूर्वी शेत कुठपर्यंत होतं ते सांगितलं. आई खुर्चीच्या अगदी कडेला बसून पाय हलवत होत्या. मला भीती, या आता काहीतरी बोलणार.

"काम बघता का?" आई बोलल्याच.

काकांनी कोयता हातात घेतला, पन्हाळ्यांवरून अंगठा फिरवला आणि स्वतःशीच चक् केलं. मग आईंनी मला घण काढायला लावला आणि त्याची दोन्ही तोंडं दाखवली. एक रुंद, सपाट. दुसरं निमुळतं, धारेसारखं पण गोल केलेलं. या निमुळत्याने आधी लोखंड लांब करायचं, ओढायचं, आणि मग घण फिरवून सपाटाने सारखं करायचं.

"जास्त मेहनत ओढण्यात जाते," आई म्हणाल्या. "मला हे निमुळतं करून द्या. वर पण, खाली पण."

"आनि सारखं कशानं करनार?"

"ते आमचे हे करतील हातोडीने."

काकांनी चष्मा काढून पुसला. "बाय, मी सांगू? सपाट करून देतो. कडा गोल मारून. सपाटावर बाकीचं काय पन करता येतं. निमुळत्यावर सपाट करता येत नाय."

आईंचा चेहरा बघितला आणि मी मनात म्हटलं, झालं. अजून एक सल्ला देणारा. "पुन्हा कुणीतरी मलाच शिकवतंय," आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, काकांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मी सांगते तसं करून देणार की नाही?"

"देनार ना. तुमचं काम, तुमची मर्जी."

त्यांनी तसंच करून दिलं. सुंदर केलं होतं, गोल पाठ, दोन्ही बाजूंना उतरती. खाचेत घट्ट बसली. आणि पहिल्याच तावात, एकदा तापवलं तेवढ्यातच, लोखंड कणकेसारखं लांबलं. आई पट्टीवर पाय देऊन उभ्या होत्या, त्यांचा चेहरा फुलला. पप्पा ओरडले, "अगं, बघ बघ!" मी व्हिडिओ काढून संदेशला पाठवला.

संध्याकाळपर्यंत पप्पांचं मनगट सुजलं. कारण प्रत्येक पात्यावर खोल वळ उठलेले, आणि ते हातोडीने एकेक बसवायचे म्हणजे जे काम पूर्वी आईंच्या घणाचं सपाट तोंड करायचं ते आता पप्पांच्या लहान हातोडीवर आलेलं. डाय बदलून सपाट लावायची म्हटलं, तर तशी जोडी नाही, आणि असती तरी पाचर काढून डाय बदलेपर्यंत लोखंड काळं पडणार. घण मनगटात फिरवला की तोंड बदलत होतं. मशीनला मनगट नव्हतं.

पप्पा मनगटाला तेल चोळत बसले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. आई दोन दिवस भांडी आपटत होत्या. बंटीने जेवताना सुरुवात केली, "म्हणून मी म्हणत होतो, दोन्ही एकात..." आणि आईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो लोणचं आणायला उठला.

तिसऱ्या दिवशी मी कामावर निघताना आई दारात आल्या. "त्या गॅब्रिएलला फोन लाव."

मी लावला. आईंनी फोन कानाला धरला आणि नमस्कार वगैरे काही नाही. "ते तुमचं सपाट करा. कडा गोल. पण एक कडा जास्त गोल करा, दुसरी कमी." पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर आलं. "हो, कळलं," आई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होतात. आता किती वेळा म्हणणार?"

पण ओढायचं कशाने, हा प्रश्न होताच. सपाट डायने लोखंड लांब होतं, पण सावकाश, चारी बाजूंना पसरत. त्यावर आई आणि पप्पा समोरासमोर बसले. मी पहिल्यांदाच त्यांना कामाबद्दल बोलताना ऐकलं. इतकी वर्षं टक् आणि धाड यांच्या मधे शब्द लागलाच नव्हता, त्यामुळे दोघांनाही धड सांगता येईना. आई हाताने हवेत घण धरून दाखवायच्या. "असं पडलं पाहिजे. असं. मधे एवढंच टेकलं पाहिजे."

"म्हणजे गोल."

"गोल म्हणजे गज असतो ना, तेवढं गोल."

पप्पांनी आईंच्या हाताकडे बघितलं. मग उठले, कोपऱ्यातल्या भंगारातून अंगठ्याएवढा जाड गोल गज ओढून काढला आणि भट्टी पेटवली. गज मधे तापवून चपटा केला आणि केसांच्या चापासारखा वाकवला, म्हणजे दोन्ही गोल टोकं एकावर एक आली आणि चपट्या भागाची स्प्रिंग झाली. दुपारी जेवायलासुद्धा थांबले नाहीत. सपाट डाय आली तेव्हा हे हत्यार तयार होतं. ते खालच्या डायवर ठेवायचं, त्याच्या दोन गोल दांड्यांच्या मधे तापलेलं लोखंड सरकवायचं, आणि वरून ठोका. लोखंड लांब झालं की चाप बाजूला ढकलायचा, आणि त्याच तावात त्याच सपाट डायखाली पातं सारखं करायचं. डाय बदलायची गरजच नाही.

पहिल्या दिवशी चाप दोनदा घसरला. त्याला धरायला लांब दांडा लावावा लागला. आईंना ठोका हलका ठेवायची सवय करावी लागली, त्यांचा पाय हाताएवढाच तापट निघाला. पप्पा म्हणायचे, "हळू, हळू गं." त्या म्हणायच्या, "हळूच आहे. तुम्ही सरकवा नीट." मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू जात नाही, म्हणून दोघं ओरडायला लागले. टायरवाल्यांना वाटायचं भांडण चाललंय. बरेचदा ते असायचंही. मग पप्पांनी आपोआपच मान हलवून सांगायला सुरुवात केली. मान खाली, ठोका. मान बाजूला, थांब. आठवड्याभरात ओरडणं कमी झालं. पातं सरळ निघायला लागलं, पाठीला जाड, धारेकडे एकसारखं उतरत गेलेलं, आणि वळ कुठे नाही. आईंनी एका बाजूची कडा जास्त गोल मागितली होती ती कोयत्याच्या मुठीकडच्या वळणाला बरोबर बसली. तेवढं त्यांचं एकटीचं होतं आणि ते त्या सगळ्यांना दाखवायच्या.

मुरबाडकडच्या शेतकऱ्यांचे कोयते तयार होऊन गेले. बंटीची चकचकीत डाय गेटच्या कामाला, सळीचं टोक गोल करायला, कधीमधी लागते, त्यामुळे तोही खूश. आईंचा खांदा पहिल्यासारखा होणार नाही असं डॉक्टर म्हणतात. पण परवा त्यांनी स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. वाकडा झाला होता. मी नीट करू का म्हटलं तर हात झटकला.

गेल्या रविवारी गॅब्रिएलकाका आणि ॲनीकाकू शहाडला आले, आपली डाय कशी चालते ते बघायला. आईंनी मशीन चालू करून दाखवलं. काका बराच वेळ बघत राहिले. चाप हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि पप्पांच्या पाठीवर थाप मारली. आईंना वाटलं आता आपलंही कौतुक होणार. त्या ऐटीत बाजूला उभ्या राहिल्या. काका खाली वाकले, डायच्या खाचेत डोळा घातला आणि म्हणाले, "पाचर उलट्या बाजूनं ठोकलीय वो. अशानं सारखी ढिली होते. होते ना?"

होत होती. रोज दोनदा ठोकावी लागत होती. आईंनी तोंड घट्ट मिटलं.

काकांनी हातोडी मागितली, पाचर काढली, दुसऱ्या बाजूने घातली आणि तीन ठोक्यांत बसवली. आईंनी पट्टी दाबली. बराच वेळ ठोकलं. पाचर हलली नाही.

मोटर बंद करून आई पदराने तोंड पुसत माझ्याकडे आल्या. "या माणसाचं नेहमी बरोबर कसं येतं?" त्या वैतागून म्हणाल्या. "जा, मटण आण. दोघांना जेवायला थांबव."